बाई म्हणते "मी काहीच करत नाही". मग तिला प्रश्न कसा विचारायचा?

शाळूच्या_रानातली (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी मंगळवेढा तालुक्यातली. एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते आणि दोन वर्षांपासून पीएच.डी.चं काम करते आहे. विषय आमच्याच भागातला: शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, पट्ट्यातल्या बायकांचं काम. सध्या मुलाखती चालू आहेत आणि मी पहिल्याच टप्प्यावर अडकले आहे. इथे जनगणना, सर्वेक्षण, स्त्री-अभ्यास अशा कामातली माणसं आहेत म्हणून सविस्तर लिहिते.

मागच्या आठवड्यात एका वस्तीवर गेले होते. काढणी जोरात आहे. जिच्याकडे गेले ती बाई दिवसभर ज्वारी उपटून नुकतीच घरी आली होती. दोन्ही तळव्यांना चिंध्या गुंडाळलेल्या, एका बोटातून रक्त आलेलं. चुलीपुढे बसूनच ती माझ्याशी बोलत होती. माझ्या प्रश्नावलीतला सातवा प्रश्न आला, "आपण काय काम करता?" ती म्हणाली, "मी? मी काय न्हाई करत बाई. घरीच असती." आणि त्याच हातांनी भाकरी थापायला लागली.

मी कागदावर "गृहिणी" लिहिलं. रकान्यात दुसरं काही लिहायची सोयच नव्हती. परतताना एसटीत बसले तरी ते हात डोळ्यांपुढून हलेनात.

आतापर्यंत अकरा जणींशी बोलले. त्यातल्या आठ जणी आपण काही करत नाही असंच म्हणाल्या. त्या खोटं बोलत नाहीत. चूक माझ्या शब्दात आहे, हे मला तिसऱ्या-चौथ्या मुलाखतीत कळलं. आमच्याकडे स्वतःच्या शेतात जाणं म्हणजे "रानात जाणं". "कामाला जाणं" म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर रोजानं जाणं. मी "काम" म्हटलं की ती रोजगाराचाच विचार करते. आपल्या रानातलं उपटणं, पेंढ्या बांधणं, कणसं खुडणं, भांगलण (तण काढणं), शेण, वैरण, पाणी, यातलं काहीच त्या शब्दात बसत नाही.

ज्या खरोखर रोजानं जातात त्यांचं आणखी वेगळं. थोडीफार जमीन असलेल्या घरात "आमच्यातल्या बायका कामाला जात न्हाईत" ही इभ्रतीची गोष्ट असते. अशा एका घरातली सून मला म्हणाली, "घरीच असते." दुसऱ्या दिवशी तीच मला तिसऱ्या गावच्या रानात रोजानं भांगलताना दिसली. तिनं माझ्याकडे बघून डोळ्यांनीच नको म्हटलं. आमच्या गावच्या बौद्ध वस्तीत मात्र बायका सरळ सांगतात, "जातो की कामाला, न जाऊन भागंल का?" म्हणजे एकाच प्रश्नाला जात आणि जमीन बघून उत्तरं बदलतात. मी ते सगळं एका रकान्यात कोंबते आहे.

एक अपवाद सांगते. माझी चुलत आजी, वय ऐंशीच्या पुढे. तिला विचारलं तेव्हा तिनं एक क्षणही न थांबता सांगितलं, "मी कामाला हुते की. बहात्तरच्या दुष्काळात. खडी फोडायला. मस्टरवर नाव हुतं माझं." तिला आठवत होतं की मुकादम नाव पुकारायचा आणि ती "हाय" म्हणायची, मग सुकडी मिळायची. त्याआधीची दहा आणि नंतरची पन्नास वर्षं तिनं रान केलं, गुरं केली, सहा पोरं वाढवली. पण तिच्या हिशेबात काम झालं ते त्या एका दुष्काळात, कारण तेवढ्यापुरतं कुणीतरी तिचं नाव लिहिलं.

मार्गदर्शक सरांशी बोलले. ते म्हणाले, प्रश्न बदललास तर सरकारी आकडेवारीशी तुलना करता येणार नाही, प्रबंध तिथेच अडेल. त्यांचंही चूक नाही. पण या प्रश्नानं मिळालेलं उत्तर खोटं आहे हे माहीत असताना ते मी तक्त्यात कसं भरू? तुमच्यापैकी कुणी यातून वाट काढली आहे का?

---

मोहोळचे_गुरुजी

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. १९८१, १९९१ आणि २००१ अशा तीन जनगणनांना प्रगणक म्हणून फिरलो. तुमचा सातवा प्रश्न वाचून मला माझेच कागद आठवले.

एक गोष्ट अभ्यासकांच्या लक्षात येते की नाही कोण जाणे. घरोघर फिरून माणसं मोजायचं काम ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत असायचं. म्हणजे आपल्याकडे ऐन सुगी. मी वहीची पिशवी घेऊन गावात शिरायचो तेव्हा बायका रानात असायच्या. घरात सापडायचे म्हातारे आणि लहान पोरं. ओट्यावर बसलेल्या सासऱ्याला मी विचारायचो, "सून काय करते?" तो म्हणायचा, "घरचं बघती." मी तसं लिहून पुढच्या दाराला. त्या वेळी सून अर्ध्या मैलावर ज्वारी उपटत होती आणि मला ते माहीत होतं, कारण तिच्या बांधावरूनच मी आलो होतो.

१९८१ ला मी असंच केलं. १९९१ ला प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं की प्रश्नात नवी भर पडली आहे: घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी केलेलं कामही धरायचं, बाई नाही म्हणाली तरी पुन्हा विचारायचं. त्या वेळी मी काही घरांत संध्याकाळी परत गेलो. बाईलाच विचारलं. वर्षातले सहा महिने म्हणजे १८३ दिवस भरले तर मुख्य कामगार, त्याहून कमी भरले तर सीमांतिक. यावर एका बाईनं मला उलट विचारलं होतं, "गुर्जी, दिवस कुणी मोजल्यात?" ते खरंच होतं. तिनं कधी मोजले नव्हते आणि मला मोजून घ्यायला वेळ नव्हता. दीडशेच्या आसपास घरं आणि वर शाळा.

सगळ्या घरांत मी परत गेलो नाही, हे मला अजून लागतं. माझ्या गावच्या कितीतरी बायका माझ्या हातून बिनकामाच्या ठरल्या. तुम्ही घाई करू नका एवढंच सांगतो. घरातल्या माणसाला विचारू नका, आणि सुगीत जाणार असाल तर रानातच जा.

---

रोजनिशी

मी स्त्री-अभ्यास शिकवते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. सरांचं म्हणणं आणि तुझं म्हणणं, दोन्ही त्यात बसतात.

आधी थोडं मागचं, कारण तुझी अडचण फार जुनी आहे. १९६१ च्या जनगणनेत कामाची व्याख्या सैल होती, हंगामात रोज तासभर काम केलं तरी बाई कामकरी धरली जायची. १९७१ मध्ये "मुख्यतः काय करता" हा प्रश्न पुढे आला. बाई अर्थातच "घरचं" म्हणाली, आणि कामकरी स्त्रियांचा आकडा जवळपास निम्म्यावर आला. बायका शेतातून उठून घरी गेल्या नव्हत्या, प्रश्न बदलला होता. त्याच वर्षी केंद्र सरकारनं स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली. फूलरेणू गुहा अध्यक्ष होत्या, वीणा मझुमदार सदस्य-सचिव. डिसेंबर १९७४ मध्ये अहवाल आला. १९७१ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ९३० स्त्रिया हा आकडा आणि कामातून गळालेल्या बायका या दोन्ही गोष्टींनी त्या अभ्यासकांना हादरवलं होतं. आपल्याकडे स्त्री-अभ्यास विद्यापीठात शिरला तो याच सुमाराला. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाईंनी १९७४ मध्ये संशोधन केंद्र सुरू केलं. म्हणजे मोजणीचा प्रश्न या विद्याशाखेच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे.

पुढे देवकी जैन आणि मालिनी चांद यांनी राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या गावांत बायकांचा दिवस तासातासानं नोंदवला. कागदोपत्री बिनकामाच्या बायका दिवसभर काय काय करतात ते त्यातून दिसलं. १९८८ मध्ये इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या, स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांवरच्या आयोगाचा अहवाल आला, त्यानंही कामाची व्याख्या रुंद करायला सांगितलं. गुरुजींनी लिहिलेली १९९१ ची भर आपोआप पडलेली नाही, वीस वर्षं कुणीतरी भांडत होतं.

आता तुझ्या कामाचं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात फक्त घरकाम करणारीला ९२ हा संकेतांक असतो. घरकामासोबत सरपण, वैरण, भाजी गोळा करणं, घरच्यापुरतं शिवणकाम वगैरे करणारीला ९३. १९७७-७८ पासूनच्या पंचवार्षिक रोजगार फेऱ्यांत या दोन संकेतांकांतल्या बायकांना त्याच्या पुढचे खोदून विचारायचे प्रश्न असायचे. म्हणजे सरकारी पद्धतीतच दोन पायऱ्या होत्या. तू तिसरी जोड. तुझा सातवा प्रश्न आहे तसाच राहू दे, तिचं "काही नाही" तसंच लिही. मग खोदून विचार. मग कालचा दिवस घे. तुलनेसाठी सरांना पहिलं उत्तर मिळेल, आणि पहिल्या व तिसऱ्या उत्तरातलं अंतर हाच तुझा प्रबंध आहे. ते "काही नाही" खोडू नकोस. ती तसं का म्हणते यावर तू वर जे लिहिलं आहेस, रान आणि काम या दोन शब्दांवर, ते माझ्या वाचनात आलेल्या कित्येक प्रबंधांत नाही.

दिवस कसा घ्यायचा? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाची रीत घे. आदल्या दिवशी पहाटे ४ पासून दुसऱ्या पहाटे ४ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ खण. एका खणात तीन कामांपर्यंत लिहिता येतात, प्रत्येक किमान दहा मिनिटांचं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण बाई एका वेळी एक काम करतच नाही. त्या सर्वेक्षणात १ लाख ३८ हजारांवर कुटुंबं होती. ज्यांनी घरातलं बिनपगारी काम केलं त्यांच्यात बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषाची ९७. आणि मुळात असं काम करणारे पुरुष २६ टक्के, बायका ८१ टक्के.

एक सावधगिरी. श्रमबल सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण, २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. यात ग्रामीण भागातल्या, घरच्याच शेतात बिनपगारी मदतनीस म्हणून नोंदलेल्या बायकांचा वाटा मोठा आहे. बायकांचं काम खरंच वाढलं की आधी न दिसणारं आता दिसायला लागलं, यावर अभ्यासकांत वाद चालू आहे. तुझ्यासारखी तालुक्यातली, शब्दांच्या पातळीवरची माहिती या वादात लागणार आहे. म्हणून नेट धर.

---

कडबा_आणि_मी

मी अभ्यासक नाही. सांगोला तालुक्यात तीन एकर कोरडवाहू करते, बारावी झालेली आहे. मुलगी हे सगळं वाचते, तिनं दाखवलं.

ताई, तुम्ही संध्याकाळी चुलीपुढे गेलात ते चुकलं. त्या वेळी बाईचं डोकं भाकरीत, गुरांत आणि पोरांत असतं. वर घरातली माणसं कान लावून बसलेली. मी सुद्धा तुम्हाला "काही नाही" म्हणून वाटेला लावलं असतं. राग नसतो त्यात. तुम्ही उठाव्यात एवढंच वाटतं.

रानात या. पात धरा आमच्याबरोबर. भांगलताना बायका जे बोलतात ते घरात बोलत नाहीत. आणि वारंगुळा विसरू नका. आज मी तिच्या रानात, उद्या ती माझ्या. पैसे कुणी कुणाला देत नाही म्हणून ते रोजात पण येत नाही आणि आपल्या रानात पण येत नाही. माझी निम्मी सुगी वारंगुळ्यावर निघते.

आणखी एक विचारते, राग मानू नका. हे सगळं लिहून आम्हाला काय मिळणार? माझ्याकडे आजवर तीनदा माणसं कागद घेऊन आली. परत कोणी आलं नाही.

---

वकीलबाई_लातूर

वरच्या ताईंच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देते, कारण मी रोज त्याच्यावरच भांडते.

मी मोटार अपघाताचे दावे चालवते. घरातली बाई अपघातात गेली की पहिला वाद हाच, तिचं उत्पन्न किती धरायचं? समोरचे वकील म्हणतात, काहीच नव्हतं, गृहिणी होती. पूर्वी हे म्हणणं सहज खपून जायचं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका अपघाताच्या निकालात नाराजी नोंदवली की जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत अनुत्पादक म्हणून बसवलं आहे. मग जानेवारी २०२१ चा निकाल आला. दिल्लीतलं एक जोडपं २०१४ मध्ये अपघातात गेलं होतं, मागे लहान मुली. त्यात न्यायालयानं गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न, म्हणजे पगार नसला तरी तिच्या कामाची किंमत, धरायलाच हवं असं स्पष्ट सांगितलं. आधार कशाचा घेतला? वर रोजनिशी यांनी दिलेल्या त्याच २९९ आणि ९७ मिनिटांचा. शिवाय २०११ च्या जनगणनेचा, की घरकाम हेच मुख्य काम म्हणणाऱ्या स्त्रिया १५ कोटी ९८ लाखांवर आणि पुरुष ५७ लाख ९० हजार.

ज्या कुठल्या बायकांनी २०१९ मध्ये आपला कालचा दिवस कुणाला तरी सांगितला, त्यांना त्याचं काही मिळालं नाही. पण त्यांचा दिवस आज माझ्या अर्जात असतो. तो निकाल मी प्रत्येक दाव्याला जोडते आणि त्यामुळे पोरांच्या हातात पडणारी रक्कम बदलताना मी पाहिली आहे.

तरीही ताई, परत कोणी आलं नाही हे तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते अभ्यासकांनी ऐकायला हवं.

---

शाळूच्या_रानातली

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. मधल्या काळात इथे आलेच नाही, कारण रानात होते.

कडबा_आणि_मी, तुम्ही म्हणालात तसं केलं. सहा दिवस काढणीला गेले. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत दोन्ही तळव्यांना फोड आले. शेजारच्या पातेतल्या बाईनं तिच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून माझ्या हाताला बांधली, तेव्हा मला ती पहिली चिंध्यांची मुलाखत नीट कळली. आणि बोलणं! घरात "काही नाही" म्हणणारी सून, तीच जिनं डोळ्यांनी नको म्हटलं होतं, ती रानात आपणहून म्हणाली, "माझ्या रोजाचे पैसे मी सासूला दाखवत न्हाई. पोरीच्या क्लासला भरते. लिहा, पण गाव लिहू नका." गाव लिहिणार नाही. तिचा दिवस मात्र लिहिला आहे, पहाटे ४ पासून.

सरांना रोजनिशी यांची तीन पायऱ्यांची रीत दाखवली. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि होकार दिला. सातवा प्रश्न आहे तिथेच आहे, त्याच्या खाली आता वारंगुळ्याचा वेगळा रकाना आहे. गुरुजी, घरातल्या माणसाला आता मी विचारत नाही. सासरा बोलायला लागला की त्याला पाणी मागते, तो उठतो.

तुमचा तो प्रश्न, की आम्हाला काय मिळणार, याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे अजून नाही. एवढं ठरवलं आहे की प्रत्येकीचा भरलेला तक्ता तिला परत नेऊन वाचून दाखवायचा आणि एक प्रत तिच्याकडे ठेवायची. दोन वस्त्यांवर हे झालं. एकीनं तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला.

सगळ्यात शेवटी आईकडे गेले. तिला आजवर विचारलंच नव्हतं. सातवा प्रश्न विचारला तर म्हणाली, "लिही की घरकाम. तुला म्हाईत न्हाई का?" सातबारा वडिलांच्या नावावर, खत-बियाण्याच्या पावत्या वडिलांच्या नावावर, शेतकरी म्हणून आई कुठेच नाही. मी "घरकाम" लिहिलं, खोदून विचारलं, मग कालचा दिवस काढायला बसलो. चारला उठून चूल. झाडलोट, शेण, धार. साडेसहाच्या आत भाकरी. आठला रानात, उपटणी. बाराला सावलीत जेवण. परत उपटणी, चारनंतर पेंढ्या. येताना डोक्यावर वैरण. घरी पाणी, परत धार, परत चूल. साडेनऊला अंग टाकलं. झोपेचे १३ खण, जेवण-अंघोळ आणि मालिकेचा अर्धा तास मिळून ४. बाकीच्या ३१ खणांत काम.

मालिकेच्या खणाशी आम्ही अडलो. "ते काम न्हवं, ते बसून हुते," आई म्हणाली. मी विचारलं, हात मोकळे होते का? म्हणाली, "हात कुठले मोकळे, तूर निवडत हुते की." मी त्या खणात दोन्ही लिहिलं. तिनं चष्मा लावून कागद स्वतःकडे ओढला, बोटानं एकेक खण खाली खाली वाचत गेली आणि दुपारच्या ओळीवर थांबली.

"हितं चुकलंय तुझं," ती म्हणाली. "जेवण झाल्यावर शेजारणीच्या म्हशीला पाणी दाखवून आले हुते मी. ती बाळंतिणीकडं गेलीय लेकीच्या. ते लिही."